जुनं ते सोनं? आधी टेस्टरवर लावा!

मंडळी, व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे शौकीन आपल्याकडे अजून आहेत. त्यांच्या कानाबद्दल मला आदरच आहे. पण "ओरिजिनल मुलार्ड आहे" एवढ्या शब्दावर वाट्टेल ती किंमत मोजणं मला पटत नाही.

इंग्लंडात ब्लॅकबर्नला मुलार्ड, आपल्याकडे बंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्स. तेव्हा रेडिओ, टीव्ही, लष्कर, सगळ्यांनाच व्हॉल्व्ह लागायचे. मागणी प्रचंड, तपासणी कडक, म्हणून माल चांगला. त्यात जादू नव्हती. कॅथोडवरचा थर वापरानं झिजतोच, आणि काचेवर नाव कुणीही छापू शकतं. मुलार्डचं नाव तर आज रशियात बनलेल्या नव्या व्हॉल्व्हवरही असतं!

नवे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातून येतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं, रशियाची निर्यात अडली आणि जगभर टंचाईची ओरड झाली. जुना साठा आज ना उद्या संपणारच. नवे कारखानेही बंद पडले, तर आपले अ‍ॅम्प्लिफायर शोकेसमध्ये शोभेला उरतील.

म्हणून नव्याला नाकं मुरडू नका. जुनाच हवा असेल तर दुकानदाराला म्हणा, आधी टेस्टरवर लावून दाखव. नाही म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

तुम्हाला काय वाटतं?