वर्दीतला रोटीबेटी व्यवहार

अमेरिकन सैन्यातल्या लेफ्टनंटने सार्जंटवर प्रेम करायचं नाही. दोघं सज्ञान असोत, अविवाहित असोत, हजार मैल लांबच्या दोन तळांवर असोत. एक कमिशन्ड ऑफिसर आणि दुसरा 'एनलिस्टेड', म्हणजे जवानांच्या फळीतला, एवढं नियम मोडायला पुरेसं आहे. प्रकरण ताणलं तर कोर्ट मार्शलही होऊ शकतं. तुम्ही म्हणाल, "बरोबरच आहे, लष्करात शिस्त नको?" मीही आधी हेच म्हणत होते. आता मला वाटतं, की हा नियम शिस्तीचा कमी आणि पंगतीचा जास्त आहे.

या गुन्ह्याचं नावच बघा: 'फ्रॅटर्नायझेशन'. मुळात लॅटिनमधल्या 'भाऊ' या शब्दावरून आलेलं. ऑफिसरने जवानांशी 'लष्करी बरोबरीच्या नात्याने' वागणं हा त्याच्या कायदेशीर व्याख्येचाच भाग आहे. प्रेमाबरोबर आणखी काय काय वर्ज्य आहे? एका घरात राहणं, कायमची धंद्यातली भागीदारी, एकत्र जुगार खेळणं. जेवायच्या मेस परंपरेने वेगळ्या आहेतच. ही यादी मराठी वाचकाला ओळखू यायला हवी. याला आपल्याकडे रोटीबेटी व्यवहार म्हणतात. ब्रिटिश सैन्यात 1871पर्यंत पायदळ आणि घोडदळातली ऑफिसरची जागा पैसे मोजून विकत घेता येत असे. ऑफिसर म्हणजे खानदानी आणि शिपाई म्हणजे गावकुसाबाहेरचा, ही त्या काळची वाटणी. सरदार-उमराव गेले, रेघ मात्र राहिली.

"पण यामागे अधिकाराचा प्रश्न आहे ना?" आहे, आणि तो मी हलका मानत नाही. मी पोस्टडॉक आहे. माझा पगार, शिफारसपत्र आणि पर्यायाने या देशातलं माझं राहणं एका माणसाच्या सहीवर अवलंबून आहे. अशा सहीखाली असलेल्याचा होकार किती मोकळा असतो, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून जो दुसऱ्याचा वार्षिक अहवाल लिहितो, रजा मंजूर करतो, त्याला मोहिमेवर धाडतो, त्याने त्या माणसाशी नातं जोडायचं नाही, ही बंदी कडकच हवी. एक जण त्या साखळीतून बाहेर पडेपर्यंत तरी.

पण ऑफिसर-जवान ही रेघ सत्तेची रेघ नव्हे. 1996 साली मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीन प्रशिक्षण केंद्रातला लैंगिक अत्याचारांचा प्रकार उघडकीस आला. पुढच्या वर्षी तिथल्या एका ड्रिल सार्जंटला 18 बलात्कारांसाठी 25 वर्षांची शिक्षा झाली. तो सार्जंट आणि त्या प्रशिक्षणार्थी मुली, सगळे 'एनलिस्टेड', रेघेच्या एकाच बाजूचे. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी यांच्यासाठी वेगळा नियम होता, आणि खरी गरज त्याच्या अंमलबजावणीची होती. तरी जुलै 1998मध्ये संरक्षणमंत्री विल्यम कोहेन यांनी सर्व दलांना ऑफिसर-जवान नात्यांवर सरसकट, एकसारखी बंदी घालायला सांगितलं. त्याआधी भूदल थोडं शहाणं होतं: नात्याचा हुकमाच्या साखळीवर परिणाम होतो का, हे ते बघत असे. मार्च 1999मध्ये तेही बदललं. आधीपासून जमलेल्या जोडप्यांना 1 मार्च 2000पर्यंत मुदत मिळाली: लग्न करा, नाहीतर मोडा. म्हणजे 29 फेब्रुवारीला लग्न लावलेल्या जोडप्याने शिस्तीला धक्का बसत नाही, आणि 2 मार्चला त्याच दोघांच्या प्रेमाने बसतो. हे तर्काने समजावून द्या. सोवळ्याच्या हिशोबाने मात्र लगेच समजतं.

अशा नियमांचा मार कोणाला बसतो, तेही बघा. 1997 साली केली फ्लिन या बी-52 बॉम्बर चालवणाऱ्या पहिल्या अमेरिकन स्त्री वैमानिकेला हवाई दल सोडावं लागलं. आरोपांत एका महिला जवानाच्या नवऱ्याशी संबंध आणि दुसऱ्या एका जवानाशी फ्रॅटर्नायझेशन हेही होते. हवाई दलाचं म्हणणं होतं, की खरा मुद्दा खोटं बोलण्याचा आणि आदेश मोडण्याचा आहे. मान्य, ते गंभीरच. पण ती खोटं बोलली ते या चौकशीतच. त्याच सुमारास हवाई दलाचेच जनरल जोसेफ राल्स्टन यांचं 1980च्या दशकातलं विवाहबाह्य प्रकरण बाहेर आलं. ते एका नागरी स्त्रीशी होतं, तेव्हा दोन्ही प्रकरणं तंतोतंत सारखी नाहीत. राल्स्टन यांनी सर्वोच्च पदासाठीची उमेदवारी मागे घेतली, पण हातातलं पद टिकलं आणि 2000 साली ते नाटोचे युरोपातले सरसेनापती झाले. लेफ्टनंट मात्र घरी गेली.

आपल्यापैकी अनेक जण इथल्या स्नेहसंमेलनांत जातीबाहेरच्या लग्नांचं कौतुक करतात, आणि तोच रोटीबेटीचा नियम खाकी कपड्यांत दिसला की 'शिस्त' म्हणून मान डोलावतात. पुढच्या वेळी मान डोलावण्याआधी एवढंच विचारा: या दोघांपैकी एकाच्या हातात दुसऱ्याची बढती, रजा किंवा बदली आहे का? असेल तर माझ्यासारखेच कडक व्हा. नसेल तर त्यांना सुखाने नांदू द्या.