नोकरी सोडून आलेल्या पोराचे गिऱ्हाईक कोण?



गावातला एखादा पोरगा कंपनीची नोकरी सोडून घरी आला की पारावर दोनच बोलणी ऐकू येतात. पहिले, "बुडाला." मग त्याने दुकानाची पाटी लावली की दुसरे, "बरे केले, स्वतःचा मालक झाला." बोलणाऱ्यांपैकी कोणी त्याची वही उघडून पाहत नाही. आपल्या जिल्ह्यातली कृषी पदवी घेतलेली पोरे बियाण्याच्या, औषधाच्या, खताच्या कंपन्यांत लागतात, मोटारसायकलवर तालुका पालथा घालतात आणि टार्गेटच्या मागे धावून चार-पाच वर्षांत विटून जातात. मीही अशी नोकरी केली आणि सोडली. तेव्हा नोकरी सोडावी की नाही यावर उपदेश करण्याचा माझा विचार नाही. सुटून आलेल्या पोराचा धंदा इथे उभा का राहत नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

मराठी मुलखात नोकरी सोडून धंदा काढल्याची मोठी गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांची. ती भाषणात सगळे सांगतात, पण अर्धीच सांगतात. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. पण बेळगावात त्यांच्या भावाने, रामुअण्णांनी, सायकलचे दुकान आधीच चालवायला घेतले होते आणि मुंबईहून सायकली पाठवणारे लक्ष्मणरावच होते. म्हणजे पगार चालू असतानाच दुसरा पाय रोवून झाला होता. हे आमच्या पोरांना कोणी सांगत नाही. त्यांना फक्त राजीनाम्याची गोष्ट सांगतात, टाळ्या तिथेच पडतात.

पुढे त्यांनी काय बनवले? आधी कडबा कापायचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर शेतकरी. नांगर खपेना. लोखंडाने जमीन नासते, असे लोक म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे कशाच्या बळावर काढली याचा विचार करा. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळची निवडुंगाने भरलेली माळरानाची जमीन दिली, कर्जही दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. धंदा करणाऱ्याची हिंमत होतीच. पण राज्यकर्ता आडवा पडला तेव्हा उठावे लागले आणि बाजूला सरून त्याने जागा दिली तेव्हा कारखाना उभा राहिला, हेही तितकेच खरे.

आता हाच हिशेब आपल्या जिल्ह्याला लावून पाहा. इथला खरा धंदा कापसाचा. सरकी काढायची, रुईच्या गठाणी बांधायच्या, सरकीची ढेप करायची, यातच चार पैसे. पण १९७२ साली कापूस एकाधिकार योजना आली आणि पुढची तीस वर्षे कापूस विकत घ्यायचा हक्क एकट्या सरकारचा झाला. जिनिंगवाला होता, पण महासंघाचा कापूस मजुरीवर पिंजणारा. आपला कापूस पैनगंगेपलीकडे आदिलाबादला नेणारा शेतकरी चोर ठरला. त्या काळात एखाद्या शिकलेल्या पोराने नोकरी सोडून कापसाचा व्यापार करीन म्हटले असते तर तो धंदा नव्हे, गुन्हा ठरला असता. २००२ साली खाजगी खरेदी खुली झाली तोवर एक अख्खी पिढी तलाठी, मास्तर, शिपाई यांच्या जाहिराती वाचण्यात म्हातारी झाली होती. मग आम्हीच म्हणायचे, विदर्भाच्या माणसाच्या रक्तात व्यापार नाही!

मग उरते काय? कृषी केंद्र. घाटंजी, आर्णी, पांढरकवडा, वणी, कुठेही जा, नोकरी सोडलेला पोरगा तिथेच सापडेल. मृगात तो बियाणे-खत उधारीवर देतो, पोळ्याच्या आधी औषध देतो, आणि कापसाचे चुकारे होतील तेव्हा वसुली. समजा त्याने साठ घरांना वीस-वीस हजारांचा माल दिला, तर बारा लाख रुपये गावात अडकले. भाव पडला आणि पंधरा घरांनी हात वर केले तर तीन लाख गेले. कंपनी मात्र त्याला थांबत नाही. मग ज्या डब्यावर कमिशन जास्त तो डबा तो पुढे सरकवतो. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा दुकानदाराला शिव्या देणे सोपे होते. काहींना त्या लागूही होतात. पण उधारीत बुडालेल्या दुकानदाराकडून "दादा, हे औषध नको मारू, पैसे वाचव" असा सल्ला मिळेल कसा?

म्हणून मी म्हणतो, त्याचे गिऱ्हाईक आपण आहोत आणि आपला खिसा कापसाच्या भावावर आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. त्या वर्षी उधारीच्या वह्या कशा कोऱ्या झाल्या ते दुकानदारांनाच विचारा. याउलट २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपली पऱ्हाटी पात्यावर असताना, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत आणि मग डिसेंबर अखेरपर्यंत. हमीभाव लांब धाग्याला ८,११० जाहीर होता आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या खाली होता. गिरण्यांना स्वस्त रुई मिळाली म्हणून कोणी टाळ्या वाजवील. घाटंजीच्या पोराची वसुली त्याच टाळ्यांत गेली.

शरद जोशींनी बर्नची जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडली आणि १९७७ साली चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. शेती हाच धंदा म्हणून केली, खर्चाची पै-पै मांडली, आणि तोटा मशागतीत नसून धोरणात आहे हे वहीतूनच दाखवले. त्यांच्यापाशी स्वित्झर्लंडच्या पगाराची शिल्लक होती. आमच्या पोरापाशी बापाचे पीककर्ज असते, आणि सोयरीक जुळवताना मुलीकडचे "नोकरीवाला हवा" म्हणतात ते वेगळेच. त्यांनाही दोष देववत नाही. दर महिन्याला येणारा पगार त्यांना दिसतो, धंद्याचा भरवसा त्यांनी गावात पाहिलेलाच नाही.

तरी माझे या पोरांना सांगणे आहे की विकायला बाहेरून डबे आणण्यापेक्षा गावातला माल गावात एक पायरी पुढे न्या. कडबा कुट्टी, तुरीची डाळ, भाड्याने पेरणीयंत्र. ज्वारी कमी झाली, रानडुकरांनी उरलेली खाल्ली, म्हणून कडब्याला मोल आले आहे. आणि पगार चालू असतानाच भावाला किंवा बायकोला सोबत घेऊन दुसरा पाय रोवा.

तालुक्यातून जिल्हा बैठकीला येताना नोकरी सोडून धंदा केलेल्या प्रत्येकाने मागच्या तीन वर्षांची उधारीची वही बरोबर आणावी. गिऱ्हाइकांची नावे झाकली तरी चालतील. कोणत्या वर्षी कापसाचा काय भाव होता आणि त्या वर्षी किती वसुली झाली, एवढे दोन आकडे आपण फळ्यावर समोरासमोर लिहिणार आहोत, आणि तोच कागद आयात शुल्काच्या निवेदनाला जोडून कलेक्टर कचेरीत द्यायचा आहे.