विमानाच्या पोटाखालचा माणूस



सोलापूरच्या सातवीतल्या एका वाचकाने पत्रातून दोन प्रश्न पाठवलेत. पहिला असा : ‘‘काका, आमची एसटी घाटात बंद पडली की ड्रायव्हर डेपोत कळवतो आणि मेकॅनिक येतो. विमान आकाशात बंद पडलं तर मेकॅनिक कुठून येतो?’’ दुसरा प्रश्न चष्म्याचा आहे. तो शेवटी घेऊ.

हसू नका हं! प्रश्न एकदम नेमका आहे. उत्तर इतकंच, की तो येत नाही. येऊच शकत नाही. म्हणून विमानाच्या मेकॅनिकला आपलं सगळं काम विमान जमिनीवर असतानाच उरकावं लागतं. घाटातला मेकॅनिक बिघाड झाल्यावर येतो. याला बिघाडाच्या आधी यावं लागतं.

गंमत म्हणजे, एके काळी मेकॅनिक विमानाच्या मागून चक्क आगगाडीने यायचा! १९११ साली कॅल रॉजर्स नावाचा वैमानिक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे निघाला. विमान वाटेत कितीतरी वेळा आपटलं, मोडलं. खालून रुळांवरून एक खास गाडी सुटे भाग घेऊन त्याच्या सोबतीने चालली होती आणि त्या गाडीत होते चार्ली टेलर. हे टेलर कोण? राईट बंधूंच्या सायकलच्या दुकानातले कारागीर. १९०३ मध्ये राईट बंधूंचं जे पहिलं विमान उडालं, त्याचं १२ अश्वशक्तीचं इंजिन टेलरनी सहा आठवड्यांत बनवलं होतं. राईट बंधूंची नावं तुम्हाला पाठ आहेत, टेलरचं नाव कुठल्याच धड्यात नाही. (अमेरिकेत मात्र २४ मे हा त्यांचा जन्मदिवस विमान मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात.)

आता आजच्या विमानतळावर या. विमान उतरलं, माणसं उतरली. पुढच्या फेरीला अर्धा-पाऊण तास. काचेआडून बघितलंत तर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला एक माणूस हातात टॉर्च घेऊन विमानाला प्रदक्षिणा घालताना दिसेल. दिवसाढवळ्या टॉर्च कशाला? कारण त्याला चाकांच्या खोबणीत आणि इंजिनाच्या तोंडात डोकवायचं असतं.

आधी टायर. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३०-३५ पौंड हवा भरतात ना? बोइंग ७३७ सारख्या विमानाच्या टायरमध्ये सुमारे २०० पौंड दाब असतो. आणि भरतात ती साधी हवा नव्हे, नायट्रोजन. साध्या हवेत बाष्प असतं, ते उंचावरच्या थंडीत गोठतं. शिवाय नायट्रोजन आग भडकू देत नाही. मग ब्रेक. ब्रेकवर एक बारीकशी पिन बाहेर डोकावत असते. ब्रेक झिजत जातो तशी ती आत आत जाते. पिन पार आत गेली की ब्रेक बदलायचा. किती साधी युक्ती, नाही? मला तर विमानातल्या सगळ्या कॉम्प्युटरांपेक्षा ही पिनच जास्त आवडते.

मग इंजिनाची पाती. एखादा खडा किंवा पक्षी आत गेला असेल तर पात्याला टवका उडालेला असतो. तेल कुठे गळतंय का, सगळी झाकणं नीट बसली आहेत का, हेही बघायचं. विमानाच्या नाकाजवळ छोट्या नळ्या असतात. त्यांत शिरणाऱ्या वाऱ्याच्या दाबावरून वैमानिकाला वेग कळतो. विमान बराच वेळ उभं राहणार असेल तर त्या नळ्यांना टोपडी घालतात, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर बांधायची! टोपड्यांना लांब लाल फीत असते, कारण ती काढायची राहून गेली तर वेग चुकीचा दिसेल. विमान जमिनीवरच आहे तोवर ती कुणाच्या तरी डोळ्यांत खुपली पाहिजे.

मोठी दुरुस्ती होते ती हँगरमध्ये. तिथली हत्यारांची फळी बघण्यासारखी असते. प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड ज्या त्या आकाराच्या खाचेत. काम संपल्यावर एक जरी खाच रिकामी दिसली, तरी तो पाना सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही. विमानाच्या पोटात राहिलेला पाना कुठे जाऊन अडकेल, काय सांगावं? (आईने ‘‘कंपासपेटीत सगळं आहे का बघ’’ म्हटलं की आपण कुरकुरतो!) बोल्टही ‘जोर लावून घट्ट’ असा पिळायचा नाही. किती घट्ट, तो आकडा पुस्तकात दिलेला असतो आणि तेवढंच पिळलं गेलं हे दाखवणारा खास पाना असतो. जास्त पिळलेला बोल्टसुद्धा दगा देतो.

पण या कामातली सगळ्यात जड वस्तू पाना नाही, पेन आहे. वैमानिकाला काही खटकलं की तो लॉगबुकात लिहितो. प्रत्येक नोंदीसमोर काय केलं ते लिहून लायसन्सवाल्या इंजिनिअरने सही करायची. वाचायचा दिवा लागत नसेल, तर ठरलेल्या यादीप्रमाणे ते काम पुढे ढकलता येतं. ब्रेकचं ढकलता येत नाही. दोन-दोनशे माणसं घड्याळं बघत असतात, कुणी आवाज चढवतं, कुणाची पुढची गाडी चुकणार असते आणि हा माणूस म्हणतो, ‘‘सही होणार नाही.’’ सही नाही म्हणजे उड्डाण नाही.

आता एक खरी गोष्ट सांगतो. १० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं एक विमान इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालं. विमान १७ हजार फुटांवर पोहोचलं आणि धाडकन कॅप्टनसमोरची काच उडून गेली. कॅप्टन टिम लँकेस्टर हवेच्या झोताबरोबर कमरेपर्यंत बाहेर फेकले गेले. नायजेल ऑग्डन हा कर्मचारी धावला आणि त्याने त्यांना धरून ठेवलं. त्याचे हात गारठले तेव्हा दुसऱ्यांनी धरलं. सहवैमानिक अॅलिस्टेअर अॅचिसन यांनी तशाच वाऱ्यात विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले. कॅप्टनसुद्धा! हाडं मोडली होती, थंडीने कातडीला इजा झाली होती, पण काही महिन्यांत ते पुन्हा विमान चालवू लागले.

काच उडाली कशी? आदल्या दिवशी पहाटे ती नवी बसवली होती. तिला ९० बोल्ट. त्यांतले ८४ बोल्ट जाडीला ०.६६ मिलिमीटरने कमी होते. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण लांबीला अडीच मिलिमीटर आखूड. पट्टी काढा आणि एक मिलिमीटर बघा. त्याच्या दोनतृतीयांश. एवढ्यावरून सारं घडलं.

तुम्ही म्हणाल, मेकॅनिक अगदीच बेफिकीर असणार. तसं नव्हतं बरं का! अनुभवी माणूस, पाळीचा प्रमुख. रात्री माणसं कमी होती म्हणून तो स्वतःच कामाला लागला. पहाटेची वेळ. जुन्या काचेचा बोल्ट नमुना म्हणून हातात घेतला आणि डोळ्यांनी जुळवून नवे शोधले. भांडाराच्या माणसाने ‘‘या काचेला दुसरा बोल्ट लागतो’’ असं सुचवलंही होतं. पण जुने हेच होते ना, मग हेच चालतील, असं याला वाटलं. (जुने बोल्टसुद्धा मुळात आखूडच बसवलेले होते!) पुरेसे मिळेनात म्हणून तो दुसऱ्या भांडारात गेला. तिथे उजेड कमी. जवळचं वाचायला त्याला चष्मा लागत असे, तो त्याने लावलेला नव्हता. पुस्तकात बोल्टचा नंबर छापलेला होता. तो उघडून ताडून पाहिला असता, तर दोन मिनिटं गेली असती.

आणि आणखी एक. त्याचं काम दुसऱ्या कुणी तपासलंच नाही, कारण ज्या कामांची दुसऱ्याने तपासणी करायची त्यांत ही काच धरलेली नव्हती. मला विचाराल तर या गोष्टीत एकट्या त्या माणसाला दोष देणं बरोबर नाही. चौकशी करणाऱ्यांनीही कामाची पद्धत कुठे चुकली ते बारकाईने शोधलं. माणूस कधीतरी चुकणार, हे गृहीत धरून नियम करावे लागतात.

हे काम शिकायचं असेल तर? बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घ्यायचं. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता असलेल्या संस्थेत शिक्षण, त्यांच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष विमानांवरचा अनुभव. तेव्हा कुठे लायसन्स हातात येतं. कुणी इंजिन आणि सांगाडा बघतो, कुणी विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मुलीही हे काम करतात. आपल्या नागपूरला मिहानमध्ये प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र आहे आणि नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानांचं काम चालतं. आईबाबांना मात्र एक सांगणं : संस्थेचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. फी भरण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत आहे का, ते स्वतः बघा. जाहिरातीवर जाऊ नका.

कधी विमानात खिडकीशी बसलात तर निघताना खाली बघा. ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं की खालचा माणूस बाजूला होतो आणि लाल फीत लावलेली एक पिन उंच धरून वैमानिकाला दाखवतो. पुढचं चाक ट्रॅक्टरला वळवता यावं म्हणून ती पिन लावलेली असते. ‘काढली बरं का, आता चाक तुमच्या ताब्यात,’ असा त्याचा अर्थ. मग तो हात करतो. तुम्हीही करा.

हो, तो दुसरा प्रश्न राहिलाच : ‘‘मला चष्मा आहे, मला मेकॅनिक होता येईल का?’’ येईल की! फक्त काम करताना तो नाकावर हवा, खिशात नको.