केस पेपरवरची पहिली ओळ

मागच्या पावसाळ्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, वराळ्यातल्या माझ्या दवाखान्यात दोन पोरांनी एकाला उचलून आणले. आंबीच्या बाजूने कामावरून परतणारा, चाळिशीचा माणूस. धड बोलत नव्हता. "काय झालं रे?" "गाडीवरून पडला, डॉक्टर." मी लिहिले : दुचाकी घसरून पडला. पायाला फळी बांधली, सलाईन लावले आणि तळेगावला पाठवला. पोरे तोवर पसारही झाली होती.

चौथ्या दिवशी त्याची बायको आली. टेम्पोने मागून उडवले होते आणि टेम्पो थांबला नव्हता. पोरांनी धडक पाहिलीच नव्हती. रस्त्याच्या कडेला पडलेला माणूस आणि आडवी झालेली गाडी पाहून त्यांनी आपला अंदाज सांगितला, आणि तो अंदाज माझ्या अक्षरात, माझ्या शिक्क्यासह कायम झाला. पुढे प्रत्येक टेबलावर 'घसरून' हाच शब्द वाचला गेला.

धडक देऊन गाडी पळाली की पोलिसांच्या हाती फार थोडे उरते. नंबर कुणी पाहिलेला नसतो, पावसात रस्ता धुऊन जातो. उरतो तो जखमीचा देह, आणि तो सगळ्यात आधी पाहतो आपण डॉक्टर. तरीही आपल्यापैकी बहुतेकांच्या कागदावर 'आरटीए' (रस्ता अपघात) ही तीन अक्षरे आणि टाक्यांची संख्या यापलीकडे काही नसते.

कागदाला पैशांचेही मोल आहे. अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास 50 हजार रुपये भरपाई मिळते. 1 एप्रिल 2022 पासून ही योजना लागू आहे. त्याआधी हेच आकडे 25 हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. ते इजा प्रमाणपत्र किंवा शवविच्छेदन अहवाल मागवून महिन्याभरात जिल्हाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 च्या निकालात दिलेले आकडे पाहा : 2022 मध्ये देशात गाडी पळून गेल्याचे 67,387 अपघात झाले, आणि 2022-23 या आर्थिक वर्षात भरपाईचे अर्ज आले 205. महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी, असे न्यायालयाने तेव्हा बजावले. पण नातेवाईक पोलिसांआधी आपल्यासमोर बसलेले असतात. दोन वाक्ये आपण सांगितली तर बिघडते कुठे?

आता 'गंभीर' कशाला म्हणायचे? हाड मोडले किंवा दात निखळला तर प्रश्नच नाही. पण जखमीला तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामे करता आली नाहीत, तर त्यासाठी पूर्वी 20 दिवसांची अट होती. भारतीय न्याय संहितेत ती 15 दिवस झाली. पंधराव्या दिवशी ड्रेसिंगला आलेला माणूस कामावर जातो की नाही, हे विचारून लिहून ठेवायला अर्धे मिनिट लागते. आपण लिहितो 'जखम बरी' आणि पुढचा पेशंट आत बोलावतो.

पुरावाही आपल्याच हातात असतो. पायी चालणाऱ्याच्या पायावरची जखम टाचेपासून किती सेंटिमीटरवर आहे, हे मोजा. बंपरची उंची त्यावरून अजमावता येते. ब्रेक लागला असेल तर गाडीचे तोंड खाली दबते आणि जखमही खाली सरकते. दोन्ही पायांची मापे वेगळी आली तर दोन्ही लिहा. कपडे कापायचेच असतील तर फाटलेली किंवा टायरचा डाग पडलेली जागा सोडून कापा. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ते कुजतात. वाळवून कागदी पिशवीत ठेवा. जखमेत रंगाचा पापुद्रा किंवा काचेचा कण सापडला तर कोरड्या पाकिटात घालून, वर नाव-वेळ टाकून पोलिसांना द्या आणि पोच घ्या. आमच्या कंपाउंडरने त्या रात्री रक्ताळलेली पँट धुतली आणि चौथ्या दिवशी घडी घालून बायकोच्या हाती दिली. किती मायेने!

हद्दीचा घोळ आपल्या मावळात कायमचाच. तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, वडगाव आणि लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये. नातेवाईकांना इकडून तिकडे पाठवले जाते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द न पाहता गुन्हा नोंदवण्याची तरतूद आहे, एवढे त्यांच्या कानावर घाला. आपली पोलीस यादी, म्हणजे पोलिसांना द्यायची लेखी खबर, मात्र वेळ टाकून लगेच गेली पाहिजे. 'पोलीस केस आहे, सरकारीत न्या' म्हणणाऱ्यांना जखमीवर आधी उपचार करा असे सांगणारा परमानंद कटारा खटल्याचा 1989 चा निकाल पुन्हा सांगायची वेळ यावी, याची लाज वाटते. 5 मे 2025 पासून तर केंद्राच्या वेगळ्या उपचार योजनेतल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार आहेत.

आणि हिस्टरी. कोणी सांगितली, पाहून की ऐकून, हे लिहा. आणणाऱ्याला नाव द्यायचे नसेल तर अडवू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ चे त्याला संरक्षण आहे. 'आणणाऱ्याच्या सांगण्यानुसार' एवढे दोन शब्द मी त्या रात्री लिहिले असते तर पुरले असते. काहीच कळले नसेल तर 'कळले नाही' लिहा.

बायकोने ओळ बदलून द्यायला सांगितले. खाडाखोड करता येत नाही, म्हणून मी खाली दुसरी ओळ लिहिली, तारीख-वेळ टाकून : रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितले, अज्ञात टेम्पोची मागून धडक. दोन ओळी दोन तऱ्हेच्या का, हे सांगायला मला सकाळची ओपीडी बंद ठेवून वडगावच्या कचेरीत जबाब द्यावा लागला. बाहेरच्या बाकावर तो कुबड्या भिंतीला टेकवून बसला होता. मला पाहून उठायला लागला.