घराचे भाव आणि दुकानाचे भांडवल

सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या व्यापारी घरांत एक विषय हमखास निघतो. रविवार कारंजा परिसरातील जुन्या घरात तीन पिढ्या एकत्र नांदत असतात. धाकट्याचे लग्न ठरते आणि खोल्या अपुऱ्या पडू लागतात. मुलगा म्हणतो, "बाबूजी, पाथर्डी फाट्याला दोन फ्लॅट आत्ताच घेऊन टाकू. एक राहायला, एक ठेवायला. कुंभानंतर हा भाव मिळायचा नाही." वडील म्हणतात, "कुंभानंतर हा भाव टिकायचाच नाही. तेव्हा स्वस्तात घेऊ."

दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्याच वर्षात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला आणि गृहकर्ज स्वस्त झाले. सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे निघाली आहेत. मुलाला हे दिसते. वडिलांना मागचा, २०१५ चा सिंहस्थ आठवतो. त्यानंतर वर्षभरातच नोटाबंदी आली. १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला, दोन महिन्यांनी वस्तू व सेवा कर आला. त्याच सुमारास नाशिकमध्ये कपाटांच्या क्षेत्रफळाचा प्रश्न उभा राहिला आणि अनेक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. चढ्या भावाच्या आशेने फ्लॅट घेऊन ठेवलेल्यांना गिऱ्हाईक शोधणे जड गेले.

तरीही भाव कोसळले, असे मात्र कोणी म्हणणार नाही. याचे कारण नाशिककराला कांद्याच्या उदाहरणावरून चटकन समजेल. लासलगावी आवक वाढली की कांद्याचा भाव एका सकाळीत उतरतो, कारण माल नाशवंत आहे. चाळीत ठेवला तरी किती दिवस ठेवणार? घर सडत नाही. भाव मनासारखा नसेल तर मालक म्हणतो, "थांबू, घाई काय आहे?" सौदे थांबतात, पण सांगितलेला भाव तसाच राहतो.

अमेरिकेत २००८ च्या सुमारास भाव खरोखर कोसळले. फेडण्याची ऐपत नसलेल्यांना कर्जे दिली गेली होती. ती थकली, घरे जप्त झाली आणि मिळेल त्या भावाने बाजारात आली. आपल्याकडे ३० लाखांवरील गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम बँक देऊ शकत नाही, ७५ लाखांपुढे तर ७५ टक्केच. घेणाऱ्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात. त्यामुळे घर सोडून देण्याची वेळ सहसा येत नाही, आणि एकदम पडझड होण्याची शक्यता त्या मानाने कमी राहते.

परंतु कमी शक्यता म्हणजे अभय नव्हे. भाव उभा राहूनही उतरतो. एखादा फ्लॅट सात वर्षे त्याच भावाला राहिला आणि महागाई दरसाल ५ टक्के वाढली, तर सात वर्षांनी त्या शंभर रुपयांची किंमत आजच्या ७१ रुपयांएवढीच उरते. हा तोटा कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. वर व्याज, घरपट्टी आणि सोसायटीची वर्गणी चालूच असते. घर सडत नसले तरी कर्जाचे व्याज ही त्याची सडच आहे.

म्हणून व्यापाऱ्याने विचारायचा प्रश्न थोडा निराळा आहे. भाव पडेल की चढेल, हे कोणाच्याच हाती नाही. पडला तर आपले काय अडेल, हे मात्र आजच मोजता येते. समजा, फ्लॅट ७५ लाखांचा आहे. ६० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ५०,२०० रुपये येतो. तो फ्लॅट २० हजार भाड्याने गेला तरी ३० हजार दरमहा दुकानातून भरावे लागतात. शिवाय सुरुवातीचे १५ लाख आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च येणार कुठून? बहुधा दुकानाच्या खेळत्या भांडवलातून. वर्षातून चार वेळा फिरणारे १५ लाख म्हणजे ६० लाखांची उलाढाल. ती बंद करून जे घेतले, ते गरजेच्या दिवशी विकता येईलच असे नाही.

राहते घर ही गोष्ट वेगळी. ज्या घरात सून येणार, नातवंडे वाढणार, त्याचा भाव पाच वर्षांत काय झाला याने घरच्यांचे काही अडत नाही. हप्ता दुकानाला न ओढता निघत असेल आणि जागा पसंत असेल, तर सिंहस्थाची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहावी आणि तयार इमारत असेल तर पूर्णत्वाचा दाखला हाती घेऊनच पैसे द्यावेत. रेराप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे विकासकावर बंधनकारक आहे. ही माहिती विचारण्यात संकोच नसावा.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाणात क्षेत्र आणि वास्तू यांची, म्हणजे जमिनीची व घराची, मर्यादा सांगितली आहे. तिचा व्यवहारातला अर्थ अशा वेळी कळतो. बापलेकांचा वाद रंगला असताना घरची आई सहसा एवढेच विचारते, "दोन्ही घेतले आणि मंदी आली, तर दिवाळीचा माल कशाने भरायचा?" या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडून झाले की दुसरा फ्लॅट यादीतून आपोआप गळतो. पहिल्यासाठी मात्र रविवारी सगळ्यांनी मिळून जागा पाहायला जावे.