शिक्का पुसला, गोळ्या सुटल्या नाहीत

डुकराचे मूत्रपिंड माणसाच्या शरीरात बसवले, ही बातमी वाचून आपल्या धर्मग्रामांतील काही मंडळी नाक मुरडतात. लग्नाच्या पंगतीत डुकराचे मटण चवीने खाणाऱ्यांनी तरी विटाळाची भाषा करू नये! पोप बारावे पायस यांनी १९५६ सालीच अशा रोपणाला सरसकट निषिद्ध मानले नव्हते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली रोममध्ये प्रत्यारोपणतज्ज्ञांसमोर त्याचे स्मरण देऊन दोन अटी सांगितल्या: रुग्णाचे व्यक्तित्व अबाधित राहावे आणि त्याला अवाजवी धोक्यात लोटू नये.

माझा वाद या दुसऱ्या अटीपाशी सुरू होतो. ‘आता डुकरांचे अवयव मिळणार, मग मरणोत्तर अवयवदानाचे अर्ज कशाला भरायचे?’ असे म्हणणारे शहाणे हल्ली भेटू लागले आहेत. परक्या पेशीचे आपल्या रक्तात काय होते, हे त्यांना ठाऊक आहे काय?

डुकराच्या पेशींवर एक विशिष्ट शर्करा असते. माणसाच्या पेशींवर ती नसते. परंतु आपल्या आतड्यांतील जंतूंवर असल्याने तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तात लहानपणापासूनच सज्ज असतात. त्या शिक्क्यावर ती तुटून पडतात आणि नवा अवयव काही मिनिटांत वा तासांत काळानिळा पडतो. (डुकराच्या हृदयाच्या झडपा टिकतात, कारण त्यांतील पेशी रसायनाने आधीच मारलेल्या असतात.) १९९७ साली आसामात डॉ. धनीराम बरुआ यांनी एका रुग्णाला डुकराचे हृदय बसवले, तेव्हा डुकराच्या पेशीवरून हा शिक्का पुसण्याची विद्या जगात कोणाकडेच नव्हती. रुग्ण आठवडाभराने दगावला, डॉक्टरांना तुरुंगवास घडला. त्या धाडसाचे गोडवे गाणारे आजही आहेत. मला त्यात दुसऱ्याच्या जिवावर उदार होणेच दिसते.

आज ती विद्या आली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला अलाबामाच्या एका महिलेस दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड बसवले: शर्करेचे शिक्के पुसलेले, वर मानवी प्रथिनांचे कवच चढवलेले. ते १३० दिवस चालले. मग संसर्ग झाला, त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागली आणि शरीराने मूत्रपिंड नाकारले. कवच अर्धेच होते. उरलेला भार गोळ्यांवर होता.

हे झाले न्यूयॉर्कचे. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील रुग्णाला प्रत्यारोपणासाठी सोलापूर-पुण्याची वाट धरावी लागते. नंतर जन्मभर गोळ्या आणि पुन्हापुन्हा रक्ततपासण्या. माणसाच्या मूत्रपिंडालाही गोळ्या चुकत नाहीत. डुकराच्या अवयवासाठी त्या अधिक कडक लागतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी कळंब-भूमकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने एकेक उस्मानाबादी शेळी विकून हा खर्च किती महिने रेटावा?

म्हणून संशोधकांकडे मागायचे ते हेच, की संरक्षण पेशीलाच द्या, रुग्णाला निःशस्त्र करू नका. हे अशक्य नाही. स्वीडनमधील उपसाला येथे एका मधुमेही रुग्णाच्या हाताच्या स्नायूत मानवी दात्याच्या, ओळख पुसलेल्या इन्शुलिननिर्मात्या पेशी सोडल्या होत्या. प्रतिकारशक्ती दाबणारे एकही औषध न देता त्या बारा आठवड्यांनंतरही जिवंत होत्या, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले. डुकराच्या संपूर्ण अवयवाला असे कवच अजून लाभलेले नाही. ते लाभेपर्यंत कळंबच्या त्या शेतकऱ्याला माणसाचेच मूत्रपिंड हवे, आणि ते तुमच्याआमच्यासारख्याच एखाद्या घराने, आपल्या माणसाच्या मेंदूमृत्यूच्या घटकेला, होकार देऊन द्यायचे आहे.