अफूचें व्यसन : शिक्षा कीं शुश्रूषा?

अफू, मॉर्फिन व हेरॉइन हीं एकाच कुळांतील द्रव्यें होत. आपल्याकडे ‘गर्द’ या नांवानें कुप्रसिद्ध झालेली पूड म्हणजे हेरॉइनचेंच अशुद्ध रूप. या द्रव्यांच्या पाशांत सांपडलेल्या मनुष्यास घराबाहेर काढावें, असें कित्येकांचें मत असतें. दुसरे म्हणतात, त्याला खोलींत कोंडावें, म्हणजे पंधरा दिवसांत तो सुधारेल. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग घातक आहेत.

कोंडून ठेवल्यानें अंगदुखी, जुलाब, निद्रानाश इत्यादि यातना कांहीं दिवसांनीं ओसरतात, हें खरें. परंतु तृष्णा ओसरत नाहीं. शिवाय जुनी मात्रा सोसण्याची शरीराची शक्ति मध्यंतरीं नाहींशी झालेली असते. बाहेर पडतांच त्यानें पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून तो प्राणास मुकण्याचा संभव असतो. घरचे ज्या दिवसांत ‘बरा झाला’ म्हणून निश्चिंत होतात, तेच दिवस त्याला अधिक धोक्याचे!

म्हणून वैद्यकानें निराळा मार्ग शोधिला. न्यूयॉर्कचे डॉ. व्हिन्सेंट डोल व डॉ. मेरी नायस्वांडर यांनीं १९६५ सालीं असें दाखविलें कीं, मेथॅडोन हें औषध रोज ठराविक मात्रेनें दिल्यास रोगी पुन्हां कामधंद्यास लागूं शकतो. पुढें जिभेखालीं ठेवावयाचें ब्युप्रेनॉर्फिन आलें. फ्रान्समध्यें तें सामान्य डॉक्टरांस लिहून देतां येऊं लागलें, आणि १९९५ ते १९९९ या काळांत तेथील अतिमात्रेचे मृत्यु सुमारें चार-पंचमांशांनीं घटले. भारतांतहि हीं औषधें सरकारी केंद्रांतून दिलीं जातात.

‘हें तर एका व्यसनाच्या जागीं दुसरें!’ असा आक्षेप कोणी घेतात. तो आम्हांस मान्य नाहीं. व्यसनी दिवसभर पुडीच्या पाठीं धांवतो. रोगी डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषध घेऊन आपल्या कामावर जातो. रोज इन्सुलिन टोंचून घेणाऱ्या मधुमेह्यास आपण व्यसनी म्हणतों काय? मात्र केवळ औषधानें भागत नाहीं. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यास उभारलेल्या मुक्तांगणांत, स्वतः व्यसनांतून सुटलेलीं माणसेंच नव्या रोग्यांस हात देतात. अशी सोबतहि औषधाइतकीच आवश्यक आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, लोकलज्जेस्तव हें दुखणें लपवूं नये. रोगी पुन्हां घसरला तरी उपचार सोडूं नयेत. आणि विद्यार्थी मित्रहो, सोबती या वाटेस लागलेला दिसल्यास वडील माणसांस सांगणें ही चहाडी नव्हे. अशा वेळीं मौन धरणें त्याच्या जिवावर बेतूं शकतें.